कंप्युटर नव्हता तेव्हा नाना फडणवीसांनी मराठेशाहीचं सर्च इंजिन चालवून दाखवलं होतं

ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, रोजचा सगळ्यात फुकट जाणारा वेळ कोणता? उत्तर ठरलेलं. मागच्या वर्षीचं कोटेशन कुठं आहे, त्या करारावर सही झालेली प्रत कुणाच्या मेलमध्ये आहे, सुट्टीवर गेलेल्या माणसाने फाईल कुठल्या फोल्डरमध्ये टाकली. मोठ्या कंपन्या या डोकेदुखीवर पैसे खर्च करतात आणि आपल्याच कागदपत्रांत शोध घेणारी व्यवस्था बसवतात. तिला एंटरप्राइज सर्च म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, गुगल आहेच की. पण दोन्हींत फरक आहे. इंटरनेटवर पुरणपोळीची रेसिपी शोधली तर हजार सापडतात, त्यातली कुठलीही चालते. ऑफिसात तसं नसतं. तिथं हवा असतो तो एकच कागद, त्याचीही शेवटची खरी प्रत, आणि ती ज्याने बघायची त्यानेच बघायची. शोधणारा, सांभाळणारा आणि मुळात रचना लावणारा, तिघांचीही कामं नीट झाली तरच तो कागद निघतो.

अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यात हीच डोकेदुखी होती. फक्त कंपनीच्या जागी दिल्लीपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला कारभार होता, आणि फोल्डरच्या जागी कापडात बांधलेले रुमाल. हे सगळं ज्याच्या हाताखाली चाललं त्या माणसाला आपण राजकारणी, मुत्सद्दी, साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा म्हणून ओळखतो. पण त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी कागद लिहिणारा असा होता.

बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचं खरं नाव. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, सातारा. घराणं कोकणातल्या वेळासचं. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे, म्हणजे बाणकोटच्या खाडीपलीकडचे शेजारीच. भट देशावर आले तेव्हा भानूही आले आणि पेशव्यांकडची फडणिशी या घराण्यात राहिली. फर्द म्हणजे कागदाचा ताव किंवा यादी, नवीस म्हणजे लिहिणारा. फर्दनवीसचं झालं फडणवीस, पुढे फडणीस.

मिसरूड फुटायच्या वयात वडील गेले आणि पद नानांकडे आलं. पेशव्यांच्या घरच्या मुलांबरोबरच ते वाढले. पुढे सदाशिवरावभाऊंच्या मोहिमेबरोबर ते आई आणि बायकोला घेऊन उत्तरेत गेले. तीर्थयात्रा होईल असा हेतू होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं संपलं. अठरा वर्षांचे नाना जीव वाचवत कसेबसे परतले. आई परत आलीच नाही. बायको वाचली. या सगळ्याची हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि अठराव्या शतकातल्या मराठी माणसाने आपल्याबद्दल इतकं उघडं लिहिणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. स्वतःची भीती, स्वतःचे दोषसुद्धा त्यात आहेत.

नाना तलवारीचे नव्हते. पानिपतानंतर तर नव्हतेच. ते परत आले आणि फडावर बसले.

हा फड म्हणजे पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचा कणा. हुजूर दफ्तरात भरभराटीच्या काळात दोनशेहून जास्त कारकून होते. त्याचे मोठे भाग दोन. एक चालतं दफ्तर, म्हणजे सध्या चालू असलेल्या कामाचं. ते फडणिसाच्या ताब्यात. दुसरं एकबेरीज दफ्तर, म्हणजे जुन्या कागदांचं आणि सगळ्या हिशेबांच्या एकत्र बेरजेचं. पेशवे स्वारीवर गेले तरी एकबेरीज पुण्यातून हलायचं नाही. चालत्या दफ्तरातही पोटभाग होते. फडावरून सनदा, हुकूम, देणग्या निघायच्या. बेहेडा शाखेत परगण्यांच्या वसुलाचे अंदाज आणि हिशेब. सरंजामाच्या शाखेत फौजेसाठी दिलेल्या मुलखाचा हिशेब.

खरी गंमत नोंदीच्या पद्धतीत होती. फडावर रोज जे घडेल ते त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरवायचं. कुणाला किती दिले, कुठला हुकूम सुटला, कुठून भरणा आला. तारीख माहीत असेल तर रोजकीर्द काढली की काम झालं. पण तारीखच आठवत नसेल तर? समजा देवस्थानांवर पाच वर्षांत एकूण किती खर्च झाला ते हवंय. पाच वर्षांच्या रोजकीर्दी पानपान चाळायच्या?

म्हणून त्याच नोंदी पुन्हा एकदा लिहायच्या, पण या वेळी खात्याखात्याने. ही खतावणी. देवस्थानाचं सगळं एका ठिकाणी, किल्ल्यांचं एका ठिकाणी, पागेचं एका ठिकाणी. शिवाय तर्जुमा नावाचा गोषवारा, ज्यात जमा, खर्च आणि शिल्लक एका नजरेत दिसायची.

आजचं सर्च इंजिन आतून हेच करतं. तुम्ही शब्द टाकल्यावर ते सगळ्या फायली वाचत बसत नाही. फायली त्याने आधीच एकदा वाचलेल्या असतात आणि कुठला शब्द कुठल्या फायलीत आहे याची उलटी सूची करून ठेवलेली असते. तुमचा शोध चालतो तो त्या सूचीत. लिहिणाऱ्याने आधी दुप्पट कष्ट घ्यायचे, म्हणजे शोधणाऱ्याला क्षणात मिळतं. खतावणी ही कारकुनाच्या बोरूने केलेली उलटी सूचीच होती.

हे सगळं नानांनी शोधून काढलं असं मात्र नाही. ही घडी त्यांच्या आधी, नानासाहेब पेशव्यांच्या काळात बसत आली होती. थोरल्या माधवरावांनी ती कडक केली. नानांचं श्रेय वेगळं आहे. केलेली व्यवस्था वर्षानुवर्षं चालू ठेवायची, तिच्यात ढिलाई येऊ द्यायची नाही, हे कंटाळवाणं काम त्यांनी पंचवीस-तीस वर्षं केलं. कुठल्याही ऑफिसातल्या अ‍ॅडमिनला विचारा, सिस्टीम बसवणं सोपं असतं. लोकांना रोज तिच्यात नोंद करायला लावणं हे अवघड.

नोंद खरी आहे कशावरून, हा पुढचा प्रश्न. त्यावरही तोड होती. परगण्याचा कमाविसदार किंवा मामलेदार आपले हिशेब पाठवायचा, पण त्याच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरखदार असायचे आणि त्यांची नेमणूक वरून झालेली असायची. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. एकाने कागद केला तर दुसऱ्याने तपासायचा, फडणिसाने तारीख घालायची, दफ्तरदाराने गोषवारा करून हुजुरात पाठवायचा. एकाच व्यवहाराच्या नोंदी वेगवेगळ्या हातांनी झालेल्या असल्याने खोटं घुसवायला अनेकांना फितवावं लागे. फितवलंही जायचं, पण महाग पडायचं.

सामान्य माणसाचा या दफ्तराशी संबंध काय? खूप. गावची पाटीलकी कुणाची, कुळकर्ण कुणाचं, इनाम जमीन कुणाला कधी दिली, अशा भांडणात दफ्तरातली नोंद हा मोठा पुरावा होता. कागद निघाला तर वतन टिकलं. नाही निघाला तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन गेली.

इकडे पुण्यात राजकारण पेटलं. १७७२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव वारले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर बसले. त्यांच्याविरुद्ध सखारामबापू, हरिपंत फडके, नाना अशा कारभाऱ्यांनी बारभाईंची फळी उभी केली आणि १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू केला. पेशवा पाळण्यात, म्हणजे कारभार कागदावरच चालणार. कागद नानांच्या हातात. पुढच्या वीस वर्षांत नानांची सत्ता कशी वाढली याचं निम्मं उत्तर इथंच आहे. बापूंपासून चुलतभाऊ मोरोबा फडणिसांपर्यंत अनेक जण स्पर्धेत होते, पण एकेक करून बाजूला पडले. मोरोबांनी १७७८ मध्ये कारभार हिसकावलाही होता. काही महिन्यांतच ते कैदेत गेले.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि हा झगडा थेट आजच्या खालापूर तालुक्यात उतरला. मुंबईहून पुण्याला जायची वाट पनवेलवरून खोपोलीला यायची आणि तिथून बोरघाट चढायची. आज ज्या घाटात एक्सप्रेसवेवर ट्रॅफिक तुंबतं, तोच. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज या वाटेने निघाली. बरोबर तोफा, रघुनाथराव आणि हजारो बैल. फौज इतकी रेंगाळत चालली की दिवसाला मैल-दोन मैलही मुश्किलीने पडायचे.

लपूनछपून येणारी ही फौज नव्हतीच. तरी नुसतं कळणं वेगळं आणि कळलेलं वापरणं वेगळं. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत काळे असे वकील नानांना सतत पत्रं पाठवत असत. बाजारातल्या अफवेपासून दरबारात कोण कुणाशी कुजबुजलं इथपर्यंत सगळं त्यांत यायचं. एकाचं पत्र दुसऱ्याच्या पत्राशी ताडून बघायचं, जुन्या पत्रात काय होतं ते काढायचं, मग उत्तर लिहायचं. नानांचा दिवस यात जायचा. रणांगणावर महादजी शिंदे, भिवराव पानसे, हरिपंत होते. मागे रसद, पैसा आणि पत्रव्यवहार नाना सांभाळत होते.

इंग्रज घाट चढून आले तशी पुढची गावं ओस पडलेली, चारा-धान्य जाळलेलं. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी मुलखात तो इष्टुर फाकडा म्हणून आजही ओळखला जातो. तळेगावला पोहोचून इंग्रजांनी मोठ्या तोफा तळ्यात ढकलल्या आणि रात्रीत माघार घेतली. वडगावला ते वेढले गेले आणि जानेवारीच्या मध्यात त्यांनी तहावर सही केली.

दोन वर्षांनी जनरल गॉडर्ड आला. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याने बोरघाट घेतला, पण स्वतःचा तळ घाटाखाली खोपोलीतच ठेवला. वरून तहाची बोलणी आणि खालून पनवेलची वाट तोडणं असा दुहेरी डाव मराठ्यांनी खेळला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याच्या रसदेच्या काफिल्यांवर हल्ले चढवले. एप्रिलमध्ये गॉडर्डला पनवेलकडे मागे फिरावं लागलं आणि त्या वाटेवर त्याची चारशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला.

याच खोपोलीत नानांनी दगडी बांधणीचं मोठं तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं. तळं आजही आहे. घाट चढण्याआधी माणसांना आणि बैलांना पाणी मिळावं अशी ती जागा. ज्याने आयुष्य या वाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या बातम्यांवर काढलं त्याने नेमकी तीच जागा निवडावी, यात फार आश्चर्य नाही. कर्जत तालुक्यातल्या खांडसवरून शिडीच्या वाटेने भीमाशंकरला जाणारे ट्रेकर वर जे देऊळ बघतात, त्याच्या बांधकामाशीही नानांचं नाव जोडलेलं आहे.

इथपर्यंत ऐकून नाना म्हणजे सगळं माहीत असलेला माणूस असं वाटेल. तसं नव्हतं.

१७९१ चा ऑगस्ट. पुण्याचा कोतवाल घाशीराम. त्याच्या जुलमाबद्दल शहरात कुरबुर होतीच. एका रात्री त्याने तेलंगी ब्राह्मणांना चोर ठरवून लहानशा जागेत कोंडलं आणि त्यातले वीसच्या वर गुदमरून मेले. लोक खवळून नानांच्या दारात आले. शेवटी घाशीरामाला जमावाच्या हवाली करावं लागलं आणि दगडांनी ठेचून त्याचा जीव गेला. तेंडुलकरांच्या नाटकाने हे प्रकरण घराघरांत नेलं. नाटकातले नाना आणि इतिहासातले नाना एक नाहीत, तो वाद वेगळा. पण दिल्लीतली कुजबुज ज्याला कळत होती त्याला स्वतःच्या शहराची आरडाओरड वेळेत ऐकू आली नाही, हे खरंच. शहराची खबर यायची ती कोतवालाकडून. कोतवाल स्वतःविरुद्ध कशाला लिहील? जे नोंदलंच जात नाही ते कितीही चांगल्या दफ्तरात सापडत नाही. परगण्यांत मामलेदारावर जी उलटतपासणी होती ती पुण्यात कोतवालावर तितकी चालली नाही, आणि याचा दोष नानांकडेच जातो.

दुसरा प्रसंग जास्त चटका लावणारा आहे. सवाई माधवराव मोठे होत होते, पण कारभार नानांच्याच हातात राहिला. पेशव्याला कोण भेटतं, कोण लिहितं, यावर पहारा. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, नाना वैभवाच्या टोकाला होते. त्याच वर्षी तरुण पेशवा आणि शिवनेरीवर कैदेत असलेला रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव यांच्यात चोरून पत्रं चालल्याचं उघड झालं. नाना संतापले, पहारे आणखी आवळले गेले. ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय एकवीस. त्यांनी स्वतःला झोकून दिलं की तापाच्या भरात तोल गेला, यावर आजही मतभेद आहेत. कागद कुणी बघायचा हे ठरवणं हे दफ्तरवाल्याचं कामच आहे. नानांनी मात्र ते मालकावरच लावलं.

मग सगळं घसरत गेलं. वारसाच्या भानगडीत नाना पुणे सोडून वाईला, तिथून कोकणात महाडला गेले आणि महाडहून पत्रांच्या जोरावर पुन्हा सत्तेत आले. बाजीराव पेशवा झाला. १७९७ च्या शेवटच्या दिवशी शिंद्यांच्या माणसांनी नानांना दग्याने पकडून अहमदनगरला ठेवलं. पुढच्या वर्षी सुटका झाली, पण आधीचे नाना उरले नव्हते. १३ मार्च १८०० ला ते पुण्यात वारले.

दफ्तराचं काय झालं? दुसऱ्या बाजीरावाने परगणे मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली लावेल त्याने वसूल करावा. एकदा ठोक रक्कम मिळाली की बेहेडे कशाला आणि ताळेबंद कशाला? कारकून कमी झाले, नोंदी थांबल्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी पुणे घेतल्यावर मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याने दफ्तर तपासलं, तेव्हा नानांच्या काळापर्यंतची नोंद काळजीपूर्वक ठेवलेली आणि नंतरची विस्कटलेली, असं त्याला दिसलं. लोकांना दफ्तरातले कागद उचलून नेण्याचीही मुभा मिळाली होती. तीस वर्षांची शिस्त मोडायला पंधरा-वीस वर्षं पुरली.

नानांना मूल नव्हतं. विधवा जिऊबाई नानांच्या मागे पन्नासहून जास्त वर्षं जगल्या. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नानांचा वाडा आहे. 'स्वदेस' सिनेमातला घाट तोच. त्या वाड्यात नानांचा खाजगी पत्रव्यवहार राहिला. तेच मेणवली दफ्तर. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी त्यातले कागद मिळवून छापले म्हणून आज आपल्याला हे सगळं कळतं.

पुण्याच्या पेशवे दफ्तराची कथा मात्र कडू आहे. इंग्रजांनी ते जपलं, कारण कामाचं होतं. १८५० च्या दशकात इनाम कमिशन बसलं आणि इनामदारांकडे पुरावे मागायला लागलं. ज्या नोंदींनी कधीकाळी वतनं वाचवली होती, त्याच ताडून आता इनामं काढून घेतली जाऊ लागली. दफ्तर सरकारचं, शोधणारे कारकून सरकारचे, आणि गावातल्या माणसाच्या हातात एखादी जीर्ण सनद. अभ्यासकांनाही कित्येक दशकं आत शिरू दिलं नाही. अखेर गोविंद सखाराम सरदेसायांना काम मिळालं आणि त्यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले.

निवडताना त्यांना आणि त्यांच्याआधी राजवाडे, खरे, पारसनीस यांनाही एका साध्या गोष्टीने छळलं. तारीख. हिशेबाच्या कागदावर शुहूर सन अरबी शब्दांत असतो. तिसा सबैन मया व अलफ म्हणजे नऊ, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७९. त्यात सहाशे मिळवले की वडगावचा जानेवारी १७७९ येतो. हे सोपं. पण खाजगी पत्रात पुष्कळदा नुसतीच तिथी, वर्ष नाहीच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष माहीतच होतं, लिहायचं कशाला? दीडशे वर्षांनंतर पत्रात आलेल्या नावांवरून, कोण कुठे होतं यावरून वर्ष ठरवत बसावं लागलं. काही पत्रांचं आजही नक्की ठरलेलं नाही.

सरदेसायांचे ४५ खंड म्हणजे ढिगातली मूठभर पत्रं. पुणे पुराभिलेखागारात उरलेले कोट्यवधी मोडी कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. त्यांचे फोटो काढता येतात, पण फोटोत शब्द शोधायचा तर आधी कुणीतरी ती मोडी वाचून देवनागरीत उतरवायला हवी. सलग, लफ्फेदार, शब्दांत जागा न सोडता लिहिलेली मोडी वाचणारे हात मोजके. खोपोलीच्या तळ्यासारख्या एखाद्या कामाला गवंडी किती लागले आणि चुना कुठून आला, हे कुणाला बघायचं झालं तर मार्ग अजून तोच आहे. अंदाजाने साल धरायचं, त्या सालचे रुमाल मागवायचे, आणि खतावणी निघाली तर देवस्थानाच्या खात्यापासून सुरुवात करायची.